आधी गुण, मग निदान

अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे तिथल्या सरकारची राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच, आहे. तिथले डॉक्टर मायकेल चुसिड आणि त्यांचे सहकारी यांनी १९७५ साली १४ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. या सगळ्यांच्या रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या होत्या आणि त्या का वाढल्या हे कोणालाच सांगता येत नव्हतं. जंत सापडले नाहीत, दमा नव्हता, एखादं औषध बाधलं असंही नव्हतं. कॅन्सर म्हणावा, तर मायक्रोस्कोपखाली त्याची खूण पटत नव्हती. चुसिड यांनी वैद्यकीय नियतकालिकांत विखुरलेले तोवरचे असे रुग्णही धुंडाळले. त्यातून निघालेला हिशेब भीषण होता: सरासरी आयुष्य ९ महिने, आणि तीन वर्षं तग धरणारे शंभरात अवघे १२. बरेच जण हृदय निकामी होऊन गेले होते.

या आजाराला हायपरइओसिनोफिलिक सिंड्रोम हे नाव हार्डी आणि अँडरसन या दोघांनी १९६८ मध्येच सुचवलं होतं. चुसिड यांनी त्याची चौकट आखली. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये १,५०० पेक्षा जास्त इओसिनोफिल, तेही सहा महिन्यांहून अधिक काळ. दुसरं कुठलंही कारण नाही. आणि शरीरातल्या एखाद्या अवयवाला इजा झाल्याची चिन्हं. सहा महिन्यांच्या अटीला एक पुरवणी होती: रुग्ण त्याआधीच दगावला तर त्यालाही या यादीत धरायचं. आजाराच्या व्याख्येतच मृत्यूची तरतूद करून ठेवावी लागली, यावरून डॉक्टरांच्या हतबलतेची कल्पना यावी.

पुढे २५-२७ वर्षांनी याच आजाराच्या काही रुग्णांना दिवसाला १०० मिलिग्रॅमची एक गोळी दिली गेली आणि काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, त्यांचं रक्त ताळ्यावर आलं. गोळी का लागू पडली, हे ती देणाऱ्यांना माहीत नव्हतं. आजार काय आहे, हे गोळीनेच शिकवलं.

इओसिनोफिल ही पेशी डॉक्टरांच्या ओळखीची होऊन चुसिड यांच्या वेळी शतक उलटून गेलं होतं. स्कॉटलंडचे टॉमस व्हार्टन जोन्स यांनी १८४६ सालीच रक्तातल्या जाड दाण्यांच्या पेशींचं वर्णन केलं होतं. पण त्या काळी स्लाइडला रंग देत नसत, त्यामुळे एका दाणेदार पेशीतून दुसरी वेगळी काढणं अवघड होतं. ती सोय कापडाच्या धंद्यातून झाली. १८७० च्या दशकात जर्मनीत डांबरापासून कृत्रिम रंग काढण्याची चढाओढ लागली होती. आडोल्फ फॉन बायर यांनी फ्लुरोसिन बनवलं, आणि बीएएसएफ या रंगांच्या कारखान्यातले हाइनरिश कारो यांनी त्याच्यावर ब्रोमिनची प्रक्रिया करून एक झगझगीत गुलाबी रंग काढला. तो इओसिन. १८७४ पासून तो बाजारात आला आणि रेशीम रंगवायला वापरला जाऊ लागला.

पॉल एर्लिख यांना विद्यार्थिदशेपासून या रंगांचं वेड होतं. १८७९ साली ते बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात होते, वय २५. त्यांची पद्धत अशी: काचेवर रक्ताचा पातळ थर ओढायचा, तो वाळू द्यायचा, तापवलेल्या तांब्याच्या पट्टीवर ती काच शेकायची म्हणजे पेशी जागच्या जागी पक्क्या होतात, आणि मग रंगात बुडवायची. वेगवेगळे रंग घेऊन त्यांनी पाहिलं, तर काही पेशींचे दाणे आम्लधर्मी इओसिन अधाशासारखं शोषून घेत आणि तांबूस-केशरी होऊन चमकत. त्या पेशींना त्यांनी त्या रंगाचंच नाव दिलं. आज आपल्या गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइडवर जे लीशमन स्टेन ओततात, त्यातही इओसिन असतंच.

ल्युकेमिया हा आजार तोवर वैद्यकाला माहीत झाला होता. १८४५ साली एडिंबरामध्ये बेनेट यांनी आणि बर्लिनमध्ये फिरखो यांनी एकमेकांच्या मागोमाग त्याची नोंद केली होती. १८५३ मध्ये पॅरिसच्या शार्को आणि रोबाँ यांना अशाच एका मृत रुग्णाच्या शरीरात दोन्ही टोकांना निमुळते, सुईसारखे बारीक स्फटिक सापडले. १८७२ मध्ये लायडन यांना तसेच स्फटिक दम्याच्या रुग्णांच्या कफात दिसले. शार्को-लायडन स्फटिक या नावाने ते आजही शिकवले जातात, आणि ते इओसिनोफिलमधल्याच एका प्रथिनाचे असतात हे आता पक्कं झालं आहे. म्हणजे पेशीला नाव मिळण्याच्या २६ वर्षं आधीच तिचे अवशेष ब्लड कॅन्सरच्या रुग्णात सापडले होते. ते कशाचे, हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

एर्लिख यांना इओसिनोफिलची वाढ हे मज्जेतून उद्भवणाऱ्या ल्युकेमियाचं लक्षण वाटत होतं. त्यात तथ्यही होतं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात ते वाढलेले असतातच. पण स्लाइडला रंग देण्याची पद्धत जसजशी पसरली तसतसे इओसिनोफिल भलतीकडेच सापडू लागले: दम्यात, त्वचेच्या विकारांत, जंतांत. जॉन्स हॉपकिन्समधल्या टॉमस ब्राउन या विद्यार्थ्याने १८९० च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं की डुकराच्या कच्च्या मांसातून होणाऱ्या ट्रायकिनोसिसमध्ये तर ते धो धो वाढतात. मग पारडं फिरलं. इओसिनोफिल म्हणजे जंत किंवा ॲलर्जी, हे समीकरण डॉक्टरांच्या मनात घट्ट बसलं आणि कॅन्सरचा विचार मागे पडला.

तरी अधूनमधून असे रुग्ण येतच होते ज्यांना हे समीकरण लागू पडत नसे. १९१२ साली स्टिलमन यांनी मायलॉइड ल्युकेमियाचा असा रुग्ण नोंदवला ज्याच्या रक्तात इओसिनोफिलचीच सद्दी होती. १९१९ मध्ये गिफिन यांनी पांढऱ्या पेशींची प्रचंड संख्या, सतत वाढलेले इओसिनोफिल आणि सुजलेली पाणथरी असं त्रिकूट वर्णन केलं. १९३६ मध्ये झुरिकच्या विल्हेल्म लफलर यांनी हृदयाकडे लक्ष वेधलं. त्यांच्या रुग्णांच्या हृदयाचं आतलं अस्तर जाड, पांढरट, चिवट झालं होतं आणि रक्तात इओसिनोफिल भरलेले होते.

याला इओसिनोफिलिक ल्युकेमिया म्हणावं की नाही, यावर पुढची ४०-५० वर्षं वाद चालला. अडचण खरी होती. ल्युकेमिया ओळखायचा तो अपक्व पेशींवरून. मज्जेत पेशी जन्मते, वाढते, पक्व होते. ल्युकेमियात ही वाढ अर्धवट राहते आणि कोवळ्या ब्लास्ट पेशींची गर्दी होते. या रुग्णांमधले इओसिनोफिल मात्र पूर्ण वाढलेले, देखणे, दोन खंडांच्या केंद्रकाचे असत. दिसायला निरोगी आणि वागणूक मात्र जीवघेणी. मायक्रोस्कोपवर भिस्त असलेल्या पिढीला हे कोडं सुटणं शक्य नव्हतं.

याच काळात भारतात एक वेगळंच प्रकरण घडत होतं, आणि त्याचा पुढच्या गोष्टीशी एक विलक्षण सांधा आहे. १९४० मध्ये मदनपल्लीच्या क्षयरोग आरोग्यधामातल्या फ्रिमोड-म्योलर आणि बार्टन यांनी काही चमत्कारिक रुग्णांची नोंद केली. छातीचा एक्स-रे क्षयासारखा, पण क्षय नाही. रात्रीचा खोकला, धाप, आणि रक्तात इओसिनोफिलचा डोंगर. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशाच ८१ रुग्णांवर लेख लिहून या आजाराला ट्रॉपिकल इओसिनोफिलिया हे नाव दिलं. उपदंशावर देत असत ती सोमलाची इंजेक्शनं या खोकल्यावरही चालतात, हे त्यांच्या ध्यानात योगायोगानेच आलं होतं. कारणाचा पत्ता नव्हता. हत्तीरोगाच्या सूक्ष्म कृमींशी शरीराने मांडलेला हा झगडा आहे, हे पुढच्या १५-२० वर्षांत उलगडलं आणि सोमल जाऊन डायइथाइलकार्बामझिन आलं. आपल्याकडच्या जुन्या पिढीला ते ‘हेट्राझान’ म्हणून आठवत असेल. आधी गुण, मग निदान हा क्रम इओसिनोफिलच्या इतिहासात हा असा एकदा येऊन गेला होता.

चुसिड यांच्या रुग्णांच्या नशिबी मात्र असं काही नव्हतं. मेयो क्लिनिकचे जेराल्ड ग्लाइश यांनी १९७३ मध्ये इओसिनोफिलच्या दाण्यांतलं मुख्य प्रथिन वेगळं काढलं आणि इजा कशी होते याचा धागा हाती आला. हे प्रथिन आणि त्याचे भाऊबंद जंतांचं कातडं जाळण्याच्या कामाचे. दाणे फुटून ते सांडले की स्वतःच्या ऊतींचीही तीच गत होते. हृदयात त्याचे तीन टप्पे दिसतात. आधी आतलं अस्तर जळतं. त्या जखमेवर रक्ताची गुठळी धरते. कालांतराने तिथे कडक वण तयार होऊन हृदयाचं आकुंचन-प्रसरण अडतं आणि झडपा नीट मिटेनाशा होतात. मधल्या टप्प्यात गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत गेला, तर चांगला हिंडताफिरता माणूस अर्धांगाने आडवा होतो.

एनआयएचमध्ये शेल्डन वुल्फ यांच्या हाताखाली या रुग्णांवर वर्षानुवर्षं काम चाललं. पुढे जगभर नाव झालेले अँथनी फाउची हे त्याच गटातले. स्टेरॉइड, ते पुरलं नाही तर हायड्रॉक्सियुरिया, आणि गरज पडली तर हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन अशी घडी त्यांनी बसवली आणि मृत्यूचं प्रमाण बरंच खाली आणलं. १९९० च्या दशकात इंटरफेरॉनची भर पडली. हे लोक मुळाशी पोचले नाहीत म्हणून त्यांचं काम कमी लेखायचं कारण नाही. अनेक रुग्ण पुढची गोळी येईपर्यंत जगले, ते याच उपचारांमुळे.

दरम्यान प्रश्न नीट मांडला जाऊ लागला होता. ब्लड कॅन्सरच्या रुग्णात इओसिनोफिल वाढलेले दिसले, तर ते घरचे की बोलावलेले? म्हणजे ते कॅन्सरच्याच मूळ पेशीपासून जन्मले, की कॅन्सरने सोडलेल्या रसायनांमुळे निरोगी मज्जेतून गोळा झाले? हॉजकिन लिम्फोमाच्या गाठीत इओसिनोफिलची दाटी असते, पण ते आमंत्रित असतात. १९७३ मध्ये लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे असे रुग्ण नोंदवले गेले ज्यांच्यात इओसिनोफिलच इतके वाढले होते की मूळ आजार त्यांच्या आड झाकला जावा. तिथे ५ आणि १४ या क्रमांकांच्या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली असते, आणि त्यामुळे कॅन्सरच्या पेशी इंटरल्यूकिन-३ हे रसायन स्रवत राहतात. पाहुण्यांची रीघ लागते ती त्यामुळे. १९८० च्या दशकात इंटरल्यूकिन-५ हाती लागलं, इओसिनोफिलला वाढवणारं सगळ्यात नेमकं रसायन. १९९४ साली ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी हायपरइओसिनोफिलिक सिंड्रोमच्या एका रुग्णात टी-पेशींचाच एक बिघडलेला वंश इंटरल्यूकिन-५ बनवत असल्याचं दाखवलं. एका गटाचं कोडं तिथे सुटलं.

उलट बाजूचं उदाहरण १९८३ मध्ये शिकागोहून आलं. मिशेल लबो, जॅनेट राउली आणि सहकाऱ्यांनी तीव्र मायलोमोनोसायटिक ल्युकेमियाच्या काही रुग्णांच्या मज्जेत विचित्र इओसिनोफिल पाहिले. त्यांच्यात नेहमीच्या केशरी दाण्यांच्या जोडीला मोठे, ओबडधोबड, जांभळट-काळे दाणे होते. आणि या रुग्णांचं १६ व्या क्रमांकाचं गुणसूत्र आतल्या आत उलटं फिरलेलं होतं. इथले इओसिनोफिल घरचेच, कॅन्सरच्या वंशातले. समाधानाची गोष्ट म्हणजे ल्युकेमियाचा हा प्रकार केमोथेरपीला इतरांपेक्षा चांगली दाद देतो. स्लाइडवरचे जांभळट दाणे पाहून अनुभवी पॅथॉलॉजिस्ट गुणसूत्रांचा अहवाल येण्याआधीच अंदाज बांधतात.

चुसिड यांच्या रुग्णांचं काय? त्यांचे इओसिनोफिल एकाच पेशीपासून जन्मलेत का, हे पाहायची एक परीक्षा तेव्हा होती. ती स्त्रियांच्या पेशींतल्या दोन एक्स गुणसूत्रांच्या फरकावर चालायची. ती पुरुषांमध्ये करताच येत नाही. आणि या आजाराचा जो प्रकार खरोखर कॅन्सरचा निघाला, त्याचे जवळजवळ सगळे रुग्ण पुरुष!

आता गोळीकडे. १९६० मध्ये फिलाडेल्फियाच्या नोवेल आणि हंगरफोर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशींत एक खुरटलेलं गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये राउली यांनी दाखवलं की ९ आणि २२ या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन ते बनतं. त्या जोडातून बीसीआर-एबीएल हे सतत चालू राहणारं विकर तयार होतं आणि पेशींना वाढत राहण्याचा हुकूम सोडत बसतं. सीबा-गायगी कंपनीतले निकोलस लायडन आणि त्यांचे सहकारी यांनी अशी विकरं थांबवणारी रसायनं बनवली. त्यातलं एक घेऊन ओरेगॉनच्या ब्रायन ड्रुकर यांनी १९९८ मध्ये रुग्णांवर चाचणी सुरू केली. दिवसाला ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेणाऱ्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचं रक्त पूर्ववत झालं. मे २००१ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. औषधाचं नाव इमॅटिनिब, कंपनीने ते विकलं ग्लिव्हेक या नावाने. हे औषध एबीएलखेरीज केआयटी आणि पीडीजीएफ रिसेप्टर अशी आणखी मोजकी विकरंही थांबवतं. त्या वेळी या जोडमाहितीकडे फारसं कोणी पाहत नव्हतं.

त्याच वर्षी शेलर आणि बर्कलँड या दोघांनी एका रुग्णाची हकिगत एका ऑनलाइन वैद्यकीय नियतकालिकात छापली. हायपरइओसिनोफिलिक सिंड्रोमवरचे नेहमीचे उपाय त्याच्या बाबतीत थकले होते. त्या सुमारास क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियावर नवं औषध आल्याचा बोलबाला होता. दोन्ही आजारांत हायड्रॉक्सियुरिया चालतं, इंटरफेरॉन चालतं. मग हेही का चालू नये? एवढ्या तर्कावर रुग्णाला इमॅटिनिब दिलं गेलं. रुग्णाच्या रक्तात बीसीआर-एबीएल नव्हतं, म्हणजे औषधाचं ठरलेलं लक्ष्यच तिथे नव्हतं. तरीही इओसिनोफिल झपाट्याने उतरले. कागदावर हा तर्क लंगडा दिसतो, आणि कोणी आधी विचारलं असतं तर बऱ्याच तज्ज्ञांनी नकारच दिला असता. पण दुसरा रस्ता उरला नव्हता. २००२ मध्ये ग्लाइश यांनी, ३० वर्षांपूर्वी इओसिनोफिलचं प्रथिन शोधणाऱ्या त्याच ग्लाइश यांनी, ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचा अनुभव मांडला. चौघांना गुण आला, तोही दिवसाला १०० मिलिग्रॅमवर. ल्युकेमियाला ४०० लागतात. त्या चौघांच्या रक्तात इंटरल्यूकिन-५ नेहमीइतकंच होतं, म्हणजे तिथे आमंत्रण देणारं कोणी नव्हतं.

मग शोध सुरू झाला तो उलट्या दिशेने. गोळी कशाला अडवते हे माहीत. तर त्या यादीतलं कोणतं विकर या रुग्णांत बिघडलंय? बॉस्टनमध्ये गॅरी गिलिलंड यांच्या प्रयोगशाळेत बेल्जियमहून आलेले यान कूल्स हे काम करत होते. स्टॅनफर्डचे जेसन गॉटलिब आणि इतर डॉक्टर रुग्णांचे नमुने पुरवत होते. संशयित जनुकांची अक्षरं तपासली, बदल दिसेना. धागा मिळाला एका रुग्णामुळे. त्याच्या १ आणि ४ या गुणसूत्रांची अदलाबदल झाली होती आणि ४ वरची तुटलेली जागा पीडीजीएफ रिसेप्टर बनवणाऱ्या पीडीजीएफआरए या जनुकाच्या परिसरात येत होती. ते जनुक खोदून पाहिलं तर त्याच्या शेपटाला एफआयपी१एल१ नावाच्या, तोवर कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या जनुकाचं डोकं जोडलेलं निघालं.

जोड कसा झाला, हे त्याहून नवलाचं होतं. ही दोन्ही जनुकं ४ क्रमांकाच्या गुणसूत्रावर एकमेकांच्या शेजारात असतात. त्यांच्यामधला साधारण आठ लाख अक्षरांचा तुकडा गळून पडतो आणि दोन टोकं सांधली जातात. मायक्रोस्कोपखाली गुणसूत्रं तपासताना पन्नासेक लाख अक्षरांहून लहान तूट सहसा नजरेत भरत नाही. म्हणून वर्षानुवर्षं या रुग्णांच्या अहवालात ‘गुणसूत्रं सामान्य’ असा शेरा पडत आला. जोडात पीडीजीएफआरएचा स्वतःला आवर घालणारा भाग कापला जातो, आणि विकर कायमचं चालू राहतं. ते इमॅटिनिबच्या फार कमी मात्रेतही गारद होतं. १०० मिलिग्रॅमचं कोडं इथे सुटलं. मार्च २००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. इमॅटिनिब दिलेल्या ११ पैकी १० रुग्णांना गुण आला होता, आणि तपासलेल्या १६ पैकी ९ जणांत हे जोडजनुक सापडलं होतं.

त्याच वर्षी ओहायोच्या एका गटाने स्वतंत्रपणे तेच जोडजनुक शोधलं, तेही एका पेशीवाणात. इओएल-१ नावाचं हे वाण जपानमध्ये इओसिनोफिलिक ल्युकेमियाच्या एका रुग्णापासून तयार करून १९८५ मध्ये जाहीर झालं होतं. जगभरच्या प्रयोगशाळा त्या पेशी वाढवत होत्या, एकमेकांना पाठवत होत्या, त्यांच्यावर प्रबंध लिहीत होत्या. उत्तर १८ वर्षं त्यांच्या काचपेटीत पडून होतं. कुठे बघायचं हे गोळीने सांगेपर्यंत ते कोणाला दिसलं नाही.

निदानाची व्यावहारिक युक्तीही याच तुटीतून निघाली. गळालेल्या तुकड्यात सीएचआयसी२ नावाचं एक जनुक असतं. चमकणाऱ्या रंगाची खूणपट्टी त्या जनुकाला चिकटवून पेशी पाहायच्या. जिथे खूण उमटत नाही तिथे तूट आहे. आजही फिश तपासणीत हेच करतात. काय आहे यापेक्षा काय नाही, हे शोधणारी तपासणी.

आनंदाच्या भरात काही गोष्टी डॉक्टरांना किंमत मोजून शिकाव्या लागल्या. गोळी सुरू होताच इओसिनोफिल एकदम मरतात, त्यांचे दाणे सांडतात, आणि आधीच दुखावलेलं हृदय काही रुग्णांत अचानक ढासळलं. म्हणून हृदयाला इजा असेल तर सुरुवातीला स्टेरॉइडचं कवच देतात. कूल्स यांच्याच लेखात एका रुग्णाचा आजार उलटल्याची नोंद आहे; विकरातलं एक अक्षर बदललं होतं आणि औषधाला तिथे बसायला जागा राहिली नव्हती. गोळी बंद केल्यावर बऱ्याच जणांत आजार परतला, काहींत परतला नाही. आणि ९/१६ हे प्रमाण फसवं ठरलं. पुढे मोठ्या संख्येने रुग्ण तपासले तेव्हा कारण न सापडलेल्या इओसिनोफिलियात हे जोडजनुक पुष्कळच कमी जणांत निघालं. चुसिड यांच्या चौकटीत एक आजार नव्हताच. दहा वेगळे आजार एका नावाखाली कोंबले होते.

ते एकेक करून बाहेर पडत आहेत. पीडीजीएफआरबी या जनुकाचे जोडही इमॅटिनिबला दाद देतात. एफजीएफआर१ चे देत नाहीत. तो आजार फार आक्रमक आहे, त्यासाठी २०२२ मध्ये पेमिगॅटिनिबला अमेरिकेत परवानगी मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये या कॅन्सरना जनुकांच्या नावाने स्वतंत्र वर्ग दिला. ज्यांच्यात असं कोणतंच जनुक सापडत नाही, त्यांच्यासाठी इंटरल्यूकिन-५ ला अडवणारं मेपोलिझुमॅब २०२० पासून उपलब्ध आहे. सहा महिने थांबण्याची जुनी अट तर कधीच मोडीत निघाली.

इमॅटिनिबच्या किमतीची लढाई भारतात झाली आणि तिचं एक टोक मुंबईत होतं. ग्लिव्हेक बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीच्या पेटंटच्या अर्जाला विरोध करणाऱ्यांत भारतीय औषध कंपन्यांच्या बरोबरीने मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्था होती. ग्लिव्हेकचा महिन्याचा खर्च तेव्हा सुमारे १,२०,००० रुपये सांगितला जाई, भारतीय गोळ्यांचा ८ ते १० हजार. कंपनी बऱ्याच रुग्णांना फुकट औषध देत होती, हेही नमूद करायला हवं. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना देसाई यांनी कंपनीचं अपील फेटाळलं. हे सगळं रामायण क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांसाठी झालं. पण एफआयपी१एल१ च्या रुग्णाला त्याच गोळीचा चौथा हिस्सा लागतो, त्यामुळे त्यालाही ते आयतं फळलं.

वाचकांसाठी कामाची माहिती एवढीच. लॅबच्या रिपोर्टवर इओसिनोफिल टक्क्यांत दिलेले असतात. खरा आकडा काढायला एकूण पांढऱ्या पेशींना त्या टक्क्यांनी गुणावं. पेशी १२,००० आणि इओसिनोफिल २० टक्के असतील, तर आकडा २,४०० होतो. ५०० पर्यंत तो ठीक समजतात. आपल्या हवापाण्यात तो वाढण्याचं कारण बहुतेक वेळा जंत, ॲलर्जी, दमा किंवा एखादं औषधच असतं, आणि ते आधी शोधायला हवं. स्ट्राँगिलॉइडिस हा जंत तर आवर्जून शोधावा, कारण तो अंगात असताना स्टेरॉइड दिलं तर जिवावर बेतू शकतं. हे सगळं होऊनही महिनाभरानंतर आकडा १,५०० च्या वरच राहिला, विशेषतः रुग्ण पुरुष असेल, पाणथरी वाढलेली असेल किंवा रक्तातलं बी-१२ विनाकारण भरपूर निघालं असेल, तर रक्तविकारतज्ज्ञांना गाठा आणि एफआयपी१एल१-पीडीजीएफआरए ही तपासणी करायची का, असं नाव घेऊन विचारा. ती हातातून काढलेल्या साध्या रक्तावरही करता येते.